मदत हवी आहे : करार संपूनही भाडेकरू घर सोडत नाहीत

नमस्कार मंडळी. ठाण्यात घोडबंदर रोडवर माझा वन बीएचके फ्लॅट असून तो ११ महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर दिला होता. मुदत ३१ मार्चला संपली, तरी भाडेकरू ‘पुढच्या महिन्यात नक्की’ एवढेच म्हणतात. गेल्या रविवारी गेलो, तर दाराला नवे लॅच आणि माझ्या नावाच्या पाटीवर त्यांच्या आडनावाचा स्टिकर!

वीज-पाणी तोडा, असा सल्ला शेजारी देतात. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ नुसार तो गुन्हा ठरू शकतो, शिवाय मला ते पटतही नाही. कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते आणि समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत परवानगी मागितल्याशिवाय समोरच्याला प्रकरण लढवता येत नाही, इथवर मी वाचले आहे.

माझी खरी अडचण वेगळी आहे. एप्रिलचे २२,००० रुपये त्यांनी थेट खात्यात भरले आणि मी ते परत केले नाहीत. यामुळे करार पुढे चालू राहिला, असा दावा ते करू शकतील का? अर्जापूर्वी वकिलामार्फत नोटीस पाठवणे आवश्यक आहे का, आणि थकबाकी अनामत रकमेतून आत्ताच वळती करावी की ताबा मिळेपर्यंत थांबावे? ठाण्यातील ज्यांनी हा अर्ज स्वतः केला आहे, त्यांनी सोबत जोडलेली कागदपत्रे व लागलेला कालावधी कृपया कळवावा.