रास्पबेरी पायवर टीव्हीच्या रिमोटसाठी इन्फ्रारेड रिसीव्हर

प्रश्न: रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरील कोडी हे मीडिया प्लेअर सॉफ्टवेअर जुन्या टीव्हीच्या रिमोटने चालवावे, या हेतूने टीएसओपी१७३८ हा रिसीव्हर आणला आहे. जुन्या लेखांतील एलआयआरसी-आरपीआय हे मॉड्यूल (रिमोटचे संकेत घेणारा ड्रायव्हर) मात्र लोड होत नाही. आता कोणता मार्ग धरावा?

उत्तर १: ते मॉड्यूल काढून टाकले गेले असून त्याची जागा जीपीआयओ-आयआर या ओव्हरलेने (जोडलेल्या हार्डवेअरची माहिती सिस्टीमला देणाऱ्या फाइलने) घेतली आहे. कॉन्फिग फाइलमध्ये त्याची एक ओळ घालून रास्पबेरी पाय पुन्हा सुरू करावा. पिन वेगळी सांगितली नाही, तर जीपीआयओ १८ गृहीत धरली जाते. संकेत उलगडण्याचे काम कर्नलच (लिनक्सचा गाभा) करतो, त्यामुळे आयआर-कीटेबल ही आज्ञा चाचणी पर्यायासह चालवून, एनईसी, आरसी-५ असे प्रोटोकॉल (रिमोटच्या संकेतांच्या पद्धती) सुरू ठेवून बटणे दाबली, की प्रत्येकाचा स्कॅनकोड (रिमोटने पाठवलेला क्रमांक) पडद्यावर उमटतो.

उत्तर २: जोडणीपूर्वी कृपया थांबावे. टीएसओपी१७३८ला ५ व्होल्ट लागतात आणि पायच्या पिना ३.३ व्होल्टपेक्षा अधिक सहन करत नाहीत. त्याऐवजी २.५ ते ५.५ व्होल्टवर चालणारा टीएसओपी३८२३८ घ्यावा आणि त्याला ३.३ व्होल्टच द्यावेत. रिसीव्हरच्या तारांसारख्या पायांचा क्रम मॉडेलनुसार बदलतो, म्हणून डेटाशीट पाहिल्याशिवाय सोल्डर करू नये.

उत्तर ३: एक भर घालतो. कोडी एक्स११ या लिनक्सच्या ग्राफिक्स प्रणालीवर चालत असेल, तर २५५च्या वरचे कीकोड (स्कॅनकोडवरून कर्नल ठरवतो ते बटणांचे क्रमांक) कोडीपर्यंत पोहोचतच नाहीत. ‘ओके’चा कोड ३५२ आहे, चाचणीत दिसूनही ते बटण निकामी वाटते, ते यामुळेच. कीमॅपमध्ये (कोणत्या स्कॅनकोडला कोणते बटण, या यादीत) त्या बटणाला ‘एंटर’ नेमावे.