व्हीएमसी ऑपरेटर ते स्वतःचं पॅटर्न शॉप : उद्यापासून नेमकं काय करू?

सेकंडशिफ्ट_शिरोली
आयटीआय मशिनिस्ट, शिरोली एमआयडीसीत व्हीएमसीवर (प्रोग्रॅमवर चालणारं उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन) आहे. कंट्रोल फानुक कंपनीचा. जॉब लावणं, इन्सर्ट (टूलची कापणारी टिकली) बदलणं आणि सायकल स्टार्ट, एवढंच हातात. स्वप्न स्वतःच्या पॅटर्न शॉपचं, म्हणजे ओतकामाचे नमुने बनवायच्या वर्कशॉपचं. ‘पाच वर्षांत शॉप’ असं वहीत लिहून ठेवलंय, पण उद्या शिफ्टला गेल्यावर काय करायचं ते त्यातनं कळेना.

सेटरमामा
भावा, पाच वर्षांचं पान मिटून ठेव. ‘प्रोग्रॅमिंग शिकणार’ हेही लिहू नकोस, ते झालं की नाही हे मोजणार कशानं? त्याऐवजी लिही : पंधरा दिवसांत व्हाईस (जॉब धरणारा शिकंजा) ०.०२ मिमीच्या आत डायल करणार, म्हणजे डायल गेजनं सरळ लावणार, आणि जी५४ चा झीरो, म्हणजे जॉबचा शून्यबिंदू, स्वतः घेणार. एज फाइंडर (जॉबची कड शोधायचं साधन) १० मिमी व्यासाचा असेल तर कडेपासून ५ मिमी धरायला विसरू नकोस. नवशिक्यांचा अख्खा जॉब बरोबर ५ मिमी सरकतो तो इथंच.

पुढचा महिना फक्त टूल ऑफसेट, म्हणजे प्रत्येक टूलच्या लांबीची मशीनमधली नोंद. टी०३ (तीन नंबरचं टूल) बोलावलं आणि जी४३ (लांबी लागू करायचा कोड) पुढं एच०२ (दोन नंबरची लांबी) राहिलं, आणि तीन नंबरचं टूल दोनपेक्षा ४० मिमी लांब असेल, तर ते ४० मिमी जास्त खाली उतरणार. टूल गेलं, कधीकधी स्पिंडलही. म्हणून पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर (एका वेळी प्रोग्रॅमची एकच ओळ), रॅपिड (न कापता धावायचा वेग) २५ टक्के. टूल जॉबच्या वर ५० मिमीच्या आसपास आलं की फीड होल्ड दाबून हालचाल थांबव आणि स्क्रीनवरचं ‘डिस्टन्स टू गो’ (उरलेलं अंतर) डोळ्यांना दिसणाऱ्या अंतराशी जुळतंय का बघ.

आरपीएम सेटरला विचारू नकोस, काढ. १० मिमी कार्बाइड एंडमिल, कटिंग स्पीड मिनिटाला १०० मीटर धरला तर १००×१०००÷(३.१४×१०), म्हणजे साधारण ३१८०. चार दातांचं टूल, दाताला ०.०५ मिमी, तर फीड (टूल पुढं सरकायचा वेग) ३१८०×४×०.०५, म्हणजे मिनिटाला ६३६ मिमी.

पॅटर्नवाला_उद्यमनगर
मामांचं झालं की कॅडकडे (कॉम्प्युटरवरच्या डिझाइनकडे) वळ. महिन्याला एक ड्रॉइंग, त्याचा पूर्ण पॅटर्न. ग्रे आयर्नला (बिडाला) थंड होताना आकुंचन साधारण १ टक्का, ड्राफ्ट (पॅटर्न साच्यातून सुटायला उतार) १ ते १.५ अंश, मशिनिंगला दर बाजूला ३ मिमी जादा माल, म्हणजे अलाउन्स. ३०० मिमी लांबी, दोन्ही टोकं मशीन होणार : ३०६ गुणिले १.०१, म्हणजे ३०९.०६. गफलत होते ती बोअरमध्ये, म्हणजे भोकात. ६० च्या बोअरला अलाउन्स वजा करायचा, म्हणजे ५४, आकुंचन धरून ५४.५४. सवयीनं ६६ केलंस तर कास्टिंगमध्ये कापायला माल उरणार नाही. टक्केवारी मात्र फाउंड्रीला विचारूनच घे. कोअरनं (पोकळीसाठी साच्यात ठेवलेल्या वाळूच्या गाभ्यानं) अडवलेला भाग कमी आकसतो.

कर्जफाईल
पैशाचं एवढंच : पीएमईजीपीत (नव्या उद्योगासाठी केंद्राची कर्ज-अनुदान योजना) उत्पादन युनिटला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, पण युनिट नवीन लागतं. घाईनं आधी मशीन उचलून मग फाईल टाकू नका. आणि मशीन तरी लगेच कशाला? सुरुवातीला डिझाइन आपलं करा, मशिनिंग बाहेर तासावर करून घ्या.

सेकंडशिफ्ट_शिरोली
सेटर व्हाईसला हात लावू देत नाही. मग?

सेटरमामा
नट त्याला आवळू दे, डायल तू धर. एक नट बेताचा आवळलेला, दुसरा ढिला, आणि ढिल्या बाजूला रबरी हातोडीनं हलके टोले. पूर्ण आवळल्यावर पुन्हा डायल फिरव, आवळताना व्हाईस हलतोच. दोन्ही टोकांचं रीडिंग तारखेसह वहीत टाक. दहा सेटिंगनंतर वही त्याच्यासमोर ठेव आणि अकरावं माग.