मदत हवी आहे : मुलीची उंची वाढत नाहीये, टॉनिक सुचवा (इंदूर)

शलाका_इंदूर
नमस्कार. मुलीची उंची वाढतच नाहीये. वर्गात सगळ्यांत लहान दिसते. गॅदरिंगला तिला अगदी पुढे उभं केलं होतं आणि शेजारची मुलगी वयाने लहान असून हिच्यापेक्षा डोकंभर उंच. परवा लग्नात एका बाईंनी "अडीच-तीनची का हो?" म्हणून विचारलं. डॉक्टरांचं आपलं एकच, "वाढेल, घाबरू नका". कंटाळले ते ऐकून. कुणाच्या मुलांना खरंच फरक पडला असेल असं टॉनिक किंवा पावडर सांगा. इंदूरमध्ये मिळणारंच हवं. लवकर सांगा प्लीज, सोमवारी परत दाखवायला जायचंय.

निंबोणी
वय? उंची? वजन? तुमची आणि यजमानांची उंची? यातलं काहीच लिहिलेलं नाही. कोणी काय सांगणार?

मेघमल्हार_देवास
ताई, आमच्या मुलाचंही असंच होतं. मी कुठलीच डब्यातली पावडर आणली नाही. खारीक पूड, बदाम आणि चिमूटभर अश्वगंधा, रात्री दुधात. वर्षभरात सगळे कपडे आखूड झाले. सांचीचं फुल क्रीम दूध घ्या, पातळ घेऊ नका. दिवसातून तीन कप तरी गेलंच पाहिजे.

निंबोणी
मेघमल्हार, वाढत्या वयाच्या कुठल्याही मुलाचे कपडे वर्षात आखूड होतातच, त्याचं श्रेय खारकेला कसं द्यायचं? आणि तीन कप दूध प्यायल्यावर मूल जेवणार काय? दिवसाला अर्धा लिटर पुष्कळ झालं. दुधात लोह जवळजवळ नसतं. पोट दुधानेच भरलेली मुलं हमखास फिकट निघतात. अश्वगंधा तर लहान मुलाला वैद्याला विचारल्याशिवाय देऊ नका.
पावडरींबद्दल सांगायचं तर डब्यावरची साखरेची ओळ वाचा. २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितलं होतं.

शलाका_इंदूर
वय पावणेपाच. उंची ९६ सेमी. मी ५ फूट १ इंच, हे ५ फूट ६ इंच. म्हणजे आम्ही काही ठेंगणे नाही. पण मी टॉनिक विचारलं होतं.

पहिला_बाक
शलाकाताई, निश्चिंत राहा. मी दहावीपर्यंत पहिल्या बाकावर बसायचो. वडीलही तसेच होते. कॉलेजात गेल्यावर दोघंही वाढलो, आज मी ५ फूट ९ इंच आहे. काही घराण्यांत वयात यायलाच उशीर होतो आणि उंची मागाहून येते. आईने मला त्या वयात किती डॉक्टरांकडे नेलं, किती इंजेक्शनं टोचली, त्याचा त्रास मला आजही आठवतो. मुलीच्या मागे लागू नका. तिच्यासमोर उंचीचा विषयसुद्धा काढू नका.

निंबोणी
तिच्यासमोर बोलू नये, हे शंभर टक्के पटलं. बाकीचं नाही. उशिरा वाढणारी मुलं बुटकी असली तरी दरवर्षी ठरलेल्या गतीने वाढत असतात. म्हणून एका दिवसाच्या उंचीवरून काही कळत नाही, वर्षभरात किती वाढली ते बघायचं असतं. पहिल्या वर्षी मूल साधारण २५ सेमी वाढतं, दुसऱ्या वर्षी १० ते १२, मग तीन-चार वर्षांचं होईपर्यंत वर्षाला ७ च्या आसपास आणि पुढे वयात येईपर्यंत ५ ते ६.
ताई, लसीकरणाच्या फाइलमध्ये जुन्या उंच्या लिहिलेल्या असतील. त्या तारखांसकट इथे टाका.
आईवडिलांवरूनही मोठेपणीच्या उंचीचा अंदाज बांधता येतो. मुलीसाठी दोघांच्या उंचीची सेंटीमीटरमध्ये बेरीज करून १३ वजा करायचे आणि निम्मे करायचे. मुलगा असेल तर १३ मिळवायचे. तुमचे १५५ आणि १६८ धरले तर उत्तर १५५, आठेक सेमी इकडे-तिकडे. म्हणजे घराण्यावर ढकलण्याइतकी तुमची उंची कमी नाही.

उंच_उडी
माझा भाचा १७ वर्षांचा आहे, ५ फूट ४ इंच. त्याने रोज बारला लटकणं आणि दोरीवरच्या उड्या सुरू केल्यात. पोहणंही उत्तम. नेहरू स्टेडियमजवळ सकाळी बरीच मुलं येतात, तिथे पाठवा.

निंबोणी
पावणेपाच वर्षांच्या मुलीला बारला लटकवायचं? खेळू दे, पळू दे, भूक लागते आणि झोप छान लागते. पण लटकून हाडं लांब होत नाहीत.

शलाका_इंदूर
फाइल सापडली. २ वर्षांची असताना ८४. गेल्या दिवाळीच्या आधीच्या तपासणीत ९३. आता ९६. मधल्या काळातलं काही लिहिलेलं नाही.

निंबोणी
गेल्या दिवाळीच्या आधी म्हणजे वर्ष झालं ना?

शलाका_इंदूर
हो, वर्ष.

निंबोणी
मग वर्षात ३ सेमी. ताई, टॉनिकचा विचार बाजूला ठेवा. २ वर्षांची असताना ८४ म्हणजे तिच्या वयाच्या मधल्या उंचीपेक्षा जरासंच कमी, अगदी ठीक होतं. पाच वर्षांच्या मुलीची मधली उंची साधारण १०९ असते आणि वाढीच्या तक्त्यावरची सगळ्यांत खालची रेषा १०० च्या आसपास. पावणेपाचला ९६ म्हणजे ती त्या रेषेच्याही खाली आहे. जन्मापासूनच लहान असती आणि आपल्या रेषेला धरून वाढत असती, तर मी पहिला_बाक यांच्याशी सहमत झाले असते. ही आपली रेषा सोडून खाली आली आहे.
सोमवारी "उंची कमी आहे" असं सांगू नका, "वर्षात तीनच सेमी वाढली" असं सांगा आणि फाइल पुढे ठेवा. ठिपके जोडून वाढीचा तक्ता काढून मागा. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचा २००६ चा तक्ता चालतो, त्यापुढे भारतीय बालरोग अकादमीचा २०१५ चा.
त्याआधी घरी एकदा नीट मोजा. शाळेतल्या भिंतीवरच्या जिराफाच्या स्टिकरवर जाऊ नका. बूट काढा, अंबाडा-क्लिप सोडा, टाचा, ढुंगण आणि खांदे भिंतीला टेकवा, नजर समोर, डोक्यावर जाड पुस्तक काटकोनात धरून पेन्सिलीने खूण करा. सकाळीच मोजा, संध्याकाळी थोडी कमी भरते.

ज्वारीची_भाकरी
मी ग्वाल्हेरची. मध्येच बोलते, माफ करा. शलाकाताई, तिचं पोट कसं आहे? शी कशी होते? रक्त तपासलंय का?

शलाका_इंदूर
पोटाचा उंचीशी काय संबंध? पोट पुढे आहे तिचं, सगळ्याच लहान मुलांचं असतं. शी दिवसातून तीन-चारदा, पांढरट, वास फार. सासूबाई म्हणतात दात येताना सवय लागली. हिमोग्लोबिन ८.९ होतं, हिवाळ्यापासून लोहाचं औषध चालू आहे, पण फारसं वाढलं नाही. हे सगळं डॉक्टरांना माहीत आहे. वजन साडेतेरा.

ज्वारीची_भाकरी
हे तुम्ही पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं! माझ्या मुलाचं अगदी हेच होतं. पुढे आलेलं पोट, काडीसारखे हातपाय, दिवसभर चिडचिड, लोह देऊनही वाढत नसलेलं हिमोग्लोबिन. त्याला सिलिॲक निघाला. गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याचं आतलं अस्तर झिजतं आणि खाल्लेलं अंगाला लागत नाही. आपल्या उत्तरेकडच्या, पोळी खाणाऱ्या भागात हा आजार चांगलाच आढळतो. काही मुलांना पोटाचा त्रास जराही नसतो, फक्त उंची खुंटते. टीटीजी आयजीए नावाची रक्ताची तपासणी असते, ती मागा.

निरामय_७
मी कधीपासून हेच सांगतोय, गहू हे विष आहे. आजच्या आज पोळी बंद करा. पंधरा दिवसांत फरक दिसेल, तपासण्यांवर पैसे घालवायची गरजच नाही. आम्ही घरात गहू आणणंच सोडलं.

ज्वारीची_भाकरी
नको!! शलाकाताई, हे अजिबात करू नका. गहू बंद केला की या तपासणीत मोजतात तो रक्तातला घटक उतरायला लागतो आणि तपासणी खोटी नॉर्मल येते. मग पुन्हा काही आठवडे पोरीला गहू खाऊ घालून, तिला त्रास देऊन तपासावं लागतं. आमच्या ओळखीत एकीने असंच आधी बंद केलं आणि दोन वर्षं निदान लटकलं. रक्त देईपर्यंत रोजची पोळी चालू राहू दे.
आणि निरामय, ज्याला हा आजार नाही त्याच्यासाठी गहू विष नाही. ज्याला आहे त्याला जन्मभर चिमूटभरसुद्धा चालत नाही, पंधरा दिवसांनी काम भागत नाही. म्हणूनच पक्कं निदान लागतं.

निरामय_७
आधुनिक तपासण्यांवर तुमचा फारच विश्वास. आमच्या आजीला कुठे माहीत होतं टीटीजी?

मेघमल्हार_देवास
गहू बंद करायचा म्हणजे दाल-बाफले बंद? माळव्यात राहून? आमच्याकडे रविवारी दुसरं काही होतच नाही.

रामबाग_कर
बाफले मक्याच्या पिठाचेही करतात की, गावाकडे कितीतरी घरांत होतात. तुपात बुडवले की झकास लागतात.

मेघमल्हार_देवास
तो वेगळा पदार्थ. बाफला उकडून मग शेकायचा, मका तेवढा धरत नाही.

निंबोणी
बाफल्यांसाठी वेगळा धागा काढा, कृपा करून.
शलाकाताई, सोमवारसाठी लिहून घ्या. टीटीजी आयजीए आणि सोबत एकूण आयजीए (रक्तातला प्रतिकारशक्तीचा एक घटक), कारण आयजीएच कमी असलं तर टीटीजी फसवं येतं. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, थायरॉइडसाठी टीएसएच आणि फ्री टी४, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, लघवी. डाव्या हाताच्या मनगटाचा एक्सरे, त्यावरून हाडांचं वय कळतं. यातून काही निघालं नाही तर मुलींच्या बाबतीत टर्नर सिंड्रोमसाठी (मुलींमधला गुणसूत्रांचा जन्मजात दोष) गुणसूत्रांची तपासणी करतात. वरून काही दिसत नसलं तरी करतात. ग्रोथ हार्मोनचा विचार त्यानंतर. कोणी पहिल्याच भेटीत त्या इंजेक्शनांवर आलं तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. ती बहुतेक रोज टोचायची असतात, वर्षानुवर्षं, आणि फार महाग असतात.
खासगीत परवडत नसेल तर एमवायला (महाराजा यशवंतराव हे सरकारी रुग्णालय) जोडलेलं चाचा नेहरू बाल चिकित्सालय आहे.

पहिला_बाक
पोटाचं वाचून माझं मत बदललं. तपासा. फक्त रक्त काढताना तिला आधी सांगा, फसवून नेऊ नका.

शलाका_इंदूर
सोमवारी जाऊन आले. वर्षात तीन सेमी म्हटल्यावर डॉक्टरांनी स्वतः फाइल उघडली, तक्त्यावर ठिपके मारले आणि जरा गप्पच झाले. टीटीजी, आयजीए, थायरॉइड, सगळं लिहून दिलं. रक्त दिलंय. एक्सरे उद्या. सासूबाईंनी धागा वाचून पोळी लपवून ठेवली होती, तिला भात वाढत होत्या. त्यांना समजावलं.

ज्वारीची_भाकरी
छान केलंत. एक लक्षात ठेवा, टीटीजी वाढलेलं आलं तरी त्याच दिवशी गहू थांबवू नका. पोटाच्या डॉक्टरांना आधी दाखवा, बहुतेक वेळा दुर्बिणीने आतड्याचा तुकडा घेऊन खात्री करतात. थांबवायचं कधी ते तेच सांगतील.
आणि निघालंच तर घाबरू नका. भात, ज्वारी, बाजरी, मका, राजगिरा, डाळी, दूध, अंडी सगळं चालतं. पोहे चालतात, जिलबी नाही. रवा, मैदा, दलिया, जव बंद. ज्वारी गिरणीतून दळून आणू नका, तिथे आधी गहू दळलेला असतो, घरगुती चक्की घ्या. पोळपाट-लाटणं वेगळं. बाजारच्या बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, आम्हाला हे कळायला फार वेळ लागला, रोजच्या वरणातून जात होतं. माझ्या मुलाची उंची गहू सुटल्यावर पहिल्याच वर्षी भराभर वाढली, आता तो वर्गात मधे कुठेतरी उभा असतो.

शलाका_इंदूर
हिंगाचं ऐकलंच नव्हतं, डबी काढून वाचली, खरंच लिहिलंय. रिपोर्ट गुरुवारी मिळणार आहेत, आले की आकड्यांसकट इथेच टाकते. ग्वाल्हेरच्या ताई, चक्कीबद्दल तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.