मुंबईत एके काळी मुबलक असलेले जीव : आपले अनुभव

बिबट्या दिसला की बातमी होते आणि ठाणे खाडीत रोहित पक्षी उतरले की पाहणाऱ्यांची गर्दी जमते. मात्र जे जीव रोजच्या पाहण्यातले म्हणून कोणी मोजलेच नाहीत, ते कमी होत गेल्याचेही फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. आपल्या परिसरात असे काय होते आणि त्या जागेचे पुढे काय झाले, ते लिहावे.

मालवणी
आमच्या घरच्या बायका ओहोटीला खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, उतरून निवट्या (चिखलात राहणारे लहान मासे) आणि चिंबोऱ्या धरत. ज्या दिवशी बाजार परवडत नसे, त्या दिवशी कालवण त्याचेच. निवटी ओल्या कातडीतूनही श्वास घेते, त्यामुळे तिला चिखल सतत ओला लागतो. वस्तीसाठी भराव पडला, खाडीचे लहान फाटे बुजले आणि भरतीचे पाणी आत येईनासे झाले, तेव्हा चिखल भेगाळला. २००५ साली उच्च न्यायालयाने तिवरांच्या (खारफुटीच्या) तोडीवर बंदी घातली, हे चांगलेच झाले. परंतु पाणी अडले की तिवर कुऱ्हाडीवाचूनही उभ्या उभ्या वाळते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. निवट्या गेल्यावर त्यांच्यावर टपलेले बगळेही तिकडे फिरकेनासे झाले.

गिरगाव
चिमण्या. चाळीतल्या तसबिरींमागे घरटी असत. आता तसबिरीही नाहीत आणि पिल्लांना भरवायला लागणाऱ्या अळ्या ज्या झाडोऱ्यावर मिळत, तोही नाही.

वाळकेश्वर
सर्व दोष वाढत्या वस्तीवर टाकू नये, असे मला वाटते. डुंगरवाडी या पारशांच्या अंत्यविधीच्या जागेतील झाडांवर गिधाडे बसलेली आम्ही लहानपणी सर्रास पाहत असू. ती गेली ती जागा कमी पडल्यामुळे नव्हे. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी होत असे. १९९२ ते २००७ या काळात देशातील पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे हजारात एक एवढीच उरली. जनावरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, तोवर उशीर झाला होता. पारशी समाजाला दखम्यांवर, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी जिथे ठेवत त्या जागांवर, सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे बसवावी लागली, यावरून त्या पक्ष्याचे काम किती मोठे होते ते कळते.

आरे, गोरेगाव
पाड्यावर वाघोबाला आजही नारळ फुटतो आणि बिबट्याही येतो, कारण त्याला वस्तीतली कुत्री मिळतात. काजव्यांना असा पर्याय नाही. नर आणि मादी एकमेकांना लुकलुकण्यावरून ओळखतात. जिथे रात्रभर दिवे जळतात, तिथे त्यांची गाठ पडणार कशी?

विक्रोळी
मुंबईतले कोल्हे संपले असे अनेकांना वाटते. ते संपलेले नाहीत, एवढी दुरुस्ती करतो. खाडीलगतच्या तिवरांत ते आहेत, फक्त नव्या इमारतींतील रहिवासी त्यांना भटकी कुत्री समजतात. मालवणीच्या मंडळींना एक विचारायचे आहे : बुजलेला फाटा मोकळा करून भरतीचे पाणी पुन्हा आत घेतले, तर निवट्या परत आल्याचे आपण कुठे पाहिले आहे का?