मोठ्ठे डोळे, फुगे, टेडी: ही चित्रं की बालवाडीची भिंत?

उपरा_कुंचला: काल इथे कुणीतरी जपानी चित्रकार नारा आणि मुराकामी, आणि अमेरिकी शिल्पकार कून्स यांना 'बालवाडीची भिंत रंगवणारे' म्हणून एका ओळीत निकालात काढलं. प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा. योशितोमो नाराची २००० सालची ती लाल फ्रॉकवाली मुलगी नीट बघा. शीर्षक 'पाठीमागे सुरी', पण चित्रात सुरी नाहीच. एक हात मागे, आणि नजर अशी की गुन्हा आपलाच. यात 'अले ले' कुठे आलं? नाराचं उत्तर जपानमधल्या आओमोरीतलं बालपण, आईवडील कामावर, घरात हा एकटा, सोबतीला अमेरिकन लष्करी तळावरून येणारा रेडिओ. मुराकामीने तर २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला 'लिटल बॉय' नाव दिलं. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बचं.

खडूस_काका: ते 'कुणीतरी' म्हणजे मी. नाव घ्यायला काय झालं होतं? तुमची सुरीवाली २०१९ मध्ये हाँगकाँगला १९.५ कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर गेली. घेणाऱ्याला एकटेपणा हवा होता? त्याच वर्षी कून्सचा स्टीलचा ससा ९.१ कोटी अमेरिकी डॉलरला. गोंडस ते खपतं, बाकी सगळा कॅटलॉगमधला मजकूर.

उपरा_कुंचला: लिलावात बोली चढली, त्यात चित्राचा काय दोष? व्हॅन गॉगही महागच आहे की.

तळकोकणी: किमतीचा विषय निघालाच आहे तर बोलतो. माझे आजोबा सावंतवाडीच्या चितारआळीत पांगाऱ्याच्या लाकडाची फळं रंगवायचे. जन्मभर 'कारागीर'. तेच सीताफळ स्टीलमध्ये दहा फुटी केलं की शिल्पकार! मध्यंतरी मुंबईत एका गॅलरीत कुणाचं तरी 'हरवलेलं बालपण' मांडलेलं पाहिलं. खेळणी आमच्याकडची, भिंतीवरच्या मजकुरात सावंतवाडीचा उल्लेखही नाही.

जेजे_पासआउट: वापरली तर वापरली. अमेरिकी कलाकार माइक केलीने १९८७ मध्ये जुन्या बाजारातली हाताने केलेली खेळणी गोळा करून कॅनव्हासवर ठासून लावली. शीर्षकाचा रोखच असा, की या प्रेमाच्या तासांची परतफेड होणं शक्य नाही. विणणाऱ्या बायकांची नावं तिथेही नाहीत, पण त्यांचे कष्ट हाच तर विषय आहे.

तळकोकणी: वा! म्हणजे विणकाम न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गेलं की मग त्यात कष्ट दिसतात. घरात दिसत नव्हते?

जेजे_पासआउट: नव्हते! कुणाला दिसले होते सांगा. आणि प्रत्येक धाग्यात आजोबा, आजोबा. माझे वडील गिरणीत होते, मी आणलं का त्यांना कधी मध्ये?

तळकोकणी: आत्ता आणलंत.

ठाण्याची_आई: भांडा सावकाश. आमच्याकडे सावंतवाडीच्या फळांची परडी शोकेसमध्ये आहे. मुलीला कधी हात लावू दिला नाही, रंग जाईल म्हणून. तिच्या बॅगेला तो लबुबु बाहुला लटकतोय, तो चिखलात पडला तरी चालतो. तिला उद्या बालपण आठवेल तेव्हा ती काय रंगवणार, सांगा.

तळकोकणी: यावर काय बोलू? रंग जात नाही हो. द्या खेळायला.

खडूस_काका: बरं, सुरीवाली मुलगी दिली तुम्हाला. रात्री परत पाहिली, डोळे काही गोड नाहीत. पण मुराकामी? २००३ मध्ये लुई व्हितॉनच्या पर्सवर रंगीत नक्षी, दोन वर्षांनी बॉम्बचं दुःख. एकाच गल्ल्यावर दोन्ही?

उपरा_कुंचला: हा माणूस निहोंगा या पारंपरिक जपानी चित्रशैलीत डॉक्टरेट झालेला आहे. सपाट रंग, फुलं हे तिथूनही येतं, नुसतं कार्टूनमधून नाही. पर्सची वकिली मात्र मी करणार नाही.

खडूस_काका: आणि कून्स?

उपरा_कुंचला: कून्स तुम्हीच ठेवा.

तळकोकणी: मला एकच सांगा, त्या सशाला पॉलिश कुणी केलं?

जेजे_पासआउट: झालं सुरू!