एमएलव्ही: गॅगची ८० किलोडाल्टनची पट्टी कुठून येते?

प्रश्न: मोलोनी एमएलव्हीने (उंदरांत रक्ताचा कर्करोग करणारा रेट्रोव्हायरस) संसर्गित पेशींच्या वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याची चाचणी) कॅप्सिडविरोधी प्रतिपिंडाने नेहमीच्या गॅगच्या ६५ शिवाय ८० किलोडाल्टनच्या आसपासही पट्टी येते. पेशी वाढवायच्या माध्यमातही गॅगचा (विषाणूकणाचा सांगाडा बनवणारं प्रथिन; कॅप्सिड हा त्याचाच भाग) तुकडा सापडतो. गॅगला सिग्नल पेप्टाइड (प्रथिनाला स्रावाच्या वाटेवर नेणारा तुकडा) नसताना हे बाहेर पडतं कसं?

उत्तर १: हा ग्लायकोगॅग, म्हणजे साखर चढलेला गॅग. प्रथिन जिथून सुरू होतं त्या नेहमीच्या एयूजी कोडॉनच्या अलीकडे, त्याच वाचनचौकटीत, एक सीयूजी आहे. काही रायबोसोम तिथूनच सुरू होतात. ८८ अमिनो आम्लं जास्तीची जोडली जातात आणि ईआरकडे (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, पेशीतल्या स्रावमार्गाची सुरुवात) नेणारा भाग त्यांतच असतो. ईआरमध्ये साखर चढते, प्रथिन पेशीपटलावर येतं, अमिनो टोक आत राहतं. बाहेरचा भाग कापला गेला की कार्बॉक्सी तुकडा माध्यमात सुटतो. खात्रीसाठी पीएनगेज एफ (प्रथिनावरची साखर कापणारं विकर) वापरा: पट्टी ७५ च्या जवळ उतरेल. ६५ वर नाही, ती जास्तीची ८८ अमिनो आम्लं जातील कुठे?

उत्तर २: माध्यमातला तुकडा विषाणूकणांतला नाही ना, हे आधी बघा. ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून १०० नॅनोमीटरचा कण आरामात जातो. अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये १,००,००० जी वर कण खाली बसवा, वरचा द्रव घ्या. शेवटचे काही तास पेशी सीरमशिवाय ठेवा, नाहीतर ६६ किलोडाल्टनचा अल्ब्युमिन लेन बिघडवतो. द्रवात अ‍ॅक्टिन (पेशीच्या आतलं प्रथिन) दिसला तर पेशी फुटल्यात. ब्रेफेल्डिन ए (ईआरमधून पुढची वाहतूक रोखणारं रसायन) दिल्यावर खरा स्राव थांबतो.

उत्तर ३: नियंत्रण म्हणून सीयूजीत बिंदू-उत्परिवर्तन करा. मोठा तुकडा उडवू नका. विषाणूचा आरएनए कणात भरायला लागणारा पॅकेजिंग सिग्नल तिथेच आहे. आणि ग्लायकोगॅग गेला की सेरिंक५ (विषाणूची संसर्गक्षमता घटवणारं पेशीचं प्रथिन) असलेल्या पेशींतून निघालेल्या विषाणूची संसर्गक्षमता घसरते, तेव्हा टायटर (संसर्गक्षम विषाणूंचं प्रमाण) वेगळा मोजा.