तुमचं पहिलं वाद्य कोणतं? नागपूरकरांनो, लिहा

कार्यक्रमांच्या आणि बक्षिसांच्या आठवणी बहुतेक जण सांगतात. मला त्याआधीचं ऐकायचंय: हाताला लागलेलं पहिलं वाद्य, पहिला माइक, पहिला भोंगा. घरात कसा आला, कसा वाजायचा, आता कुठे आहे. सुरुवात मीच करते.

महालातल्या आमच्या घरी आजोबांची दुहेरी सुरांची हातपेटी होती. मे महिन्यात लाकूड आकसायचं, भात्याची हवा कुठूनतरी निसटायची आणि पट्टी न दाबताच एखादा सूर बोलत राहायचा. पावसाळा लागला की उलटं, पट्ट्या फुगून अडकायच्या. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं, पण आकाशवाणीवर पेटीला १९४० पासूनच बंदी होती. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. आजोबांना हे अजिबात मान्य नव्हतं. रेडिओवर ख्याल लागला की ते पेटी पुढ्यात ओढायचे आणि त्या गायकाच्या मागे मागे साथ करत बसायचे. मी त्यांच्या मांडीला टेकून भाता मारायचे. स्वरज्ञान म्हणाल तर ते मला तिथे मिळालं, क्लास फार नंतरचा. पेटी आजही माझ्याकडेच आहे आणि रोज वाजते.

*

धरमपेठ. तबला.

बाबांनी वापरलेली जोडी आणली होती, तबला शिसमचा आणि डग्गा तांब्याचा. चाट, म्हणजे तबल्याच्या तोंडाची कड, एका बाजूने झिजलेली होती, त्यामुळे 'ना' कुठे नीट निघतो ती जागा मला शोधावी लागे. पण खरं शिक्षण कूलरने दिलं. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर, खोलीत एकच कूलर, आणि रियाजाची जागा त्याच्या झोतासमोर. त्या ओल्या हवेत पुडी, म्हणजे वरचं कातडं, ओल धरायची आणि सूर उतरायचा. हातोडीने बाजूचे लाकडी गट्टे ठोकून, गजरा (कातड्याभोवतीची विणलेली कडा) सगळीकडून सारखा करून तो वर आणावा, तोवर लाइट जायची. खोली तापली की कातडं ताणलं जायचं आणि तबला चढायचा. मग गजऱ्याला खालून ठोके देऊन पुन्हा उतरवायचा. दुपारभर हेच. पुण्या-मुंबईच्या मित्रांना हे सांगून पटत नाही. तबला सुरात मिळवण्यात आज माझा हात बरा आहे, तो त्या दुपारींमुळेच. पुढे पुडीवरची काळी शाई तडकली आणि पुडी बदलली. नवी पुडी चांगली होती, पण जुनीचा आवाज मला अजून हवासा वाटतो.

*

नंदनवन.

आमच्या घरी पेटी-तबला कुठला! मायची खंजिरी होती. माय गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेले जाये, तिच्यासंगं आमी पोट्टे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं भजन म्हटलं का खंजिरी पाह्यजेच. एका हातात खंजिरी, दुसऱ्याच्या बोटांनं ठेका, अन् झांजा मनगटाच्या झटक्यानं वाजवाच्या. मनगट दुखून ये, पन थांबावं वाटे नाई. हिवाळ्यात कातडं ढिलं पडे, मंग शेकोटीपाशी धरून ताठ करा लागे. लय जवळ नेली का माय वरडे. कातडं आता बदललं, चौकट मायचीच हाय.

*

सदर. गिटार, कोलकात्याचं, कॉलेजात असताना सेकंडहँड घेतलं. तारा फार उंच बसवलेल्या होत्या, एफ कॉर्ड धरताना बोटं सोलून निघायची. आता भाचा वाजवतो.

*

इंदोरा.

मी धुमालवाला, म्हणजे मिरवणुकीत गाडीवरून वाजवणाऱ्या पार्टीतला. धुमालला कोणी नुसता गोंगाट म्हटलं की वाईट वाटतं, कारण आम्ही त्यावरच वाद्य शिकलो. गाडीवर भोंगे बांधलेले, मागे जनरेटर, आणि माझ्यापुढे छोटा कॅसिओ कीबोर्ड. त्याचे दोन-तीन स्वर दाबले जात नव्हते, म्हणून प्रत्येक गाणं मी दुसऱ्या पट्टीत (स्केलमध्ये) बसवायचो. पट्टी बदलणं मला कोणी शिकवलं नाही, त्या मोडक्या पट्ट्यांनी शिकवलं. मग आमच्या पार्टीत ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम, आला, रोलंडचा एसपीडी-२०. आठ पॅड, आणि प्रत्येकावर ढोलकी, ताशा, घुंगरू हवं ते लावा! पहिल्या रात्री आम्ही सगळे आळीपाळीने वाजवत होतो, जेवायलाही कोणी उठलं नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत भीमगीतांना त्यावर ढोलकी लावली, तेव्हा म्हातारी माणसंसुद्धा गाडीजवळ येऊन पाहून गेली की ढोलकी आहे कुठे. तो ऑक्टोपॅड विकला. कॅसिओ नाही विकला, वस्तीतली मुलं त्यावर शिकतात.

*

इंदोऱ्याच्या दादा, जनरेटरवर व्होल्टेज वरखाली झालं की कॅसिओचं काय करत होता, तेवढंही लिहा. आणि बँडवाले, तंबोरावाले कुठे आहेत? दरवर्षी मारबतीच्या मिरवणुकीत क्लॅरिनेट वाजवणाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर त्यांनी नक्की लिहावं.